अंदमानला नेमकं कधी जावं?

दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास पहिल्या पानावर झळकते: मान्सून अंदमानात दाखल. विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, मराठवाड्यात टँकरच्या फेऱ्या चालू असतात, कोकणात उरलेला आंबा उतरवायची घाई असते. बातमी वाचून सगळ्यांनाच हायसं वाटतं. अपवाद एका गटाचा. शाळांना सुट्ट्या लागणार म्हणून जानेवारीतच विमानाची तिकिटं काढलेली आणि त्या दिवशी पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर सामानासकट उभी असलेली मराठी कुटुंबं. हॅवलॉकची बोट आज सुटणार नाही, उद्याचं उद्या बघू, एवढंच त्यांना तिकीट खिडकीतून ऐकायला मिळालेलं असतं.

आपल्याकडच्या सहली शाळेच्या वेळापत्रकावर ठरतात. एक मे महिना, दुसरी दिवाळी. आणि अंदमानचं हवामान नेमकं याच दोन वेळी कूस बदलत असतं. मेमध्ये नैर्ऋत्य मान्सून येतो. ऑक्टोबरमध्ये तो माघारी फिरतो आणि ईशान्येचा वारा सुरू होतो. वाऱ्यांची ही अदलाबदल चालू असताना बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं जन्म घेतात. सहलींच्या जाहिरातींत मात्र ‘हंगाम: ऑक्टोबर ते मे’ एवढं छापून काम भागवलेलं असतं. ते खोटं नाही. पण या आठ महिन्यांत उत्तम, बरे आणि जोखमीचे असे सगळे दिवस एकाच गोणीत भरलेले आहेत, आणि पैसे तर प्रत्येक दिवसाचे मोजावे लागतात.

बहुतेकांचा पहिला प्रश्न पावसाचा असतो, म्हणून आधी त्याचा हिशेब. अंदमानात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाच्या बेरजेत अंदमान पुढे. पण मुंबई हा सगळा पाऊस चार महिन्यांत उरकते आणि अंदमान तो मे ते डिसेंबर असा आठ महिने पुरवून वापरतं. मुंबईच्या एकट्या जुलैत साडेआठशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पोर्ट ब्लेअरला मे ते सप्टेंबर यांपैकी कुठल्याही महिन्याची सरासरी तीनशे ते पाचशेच्या घरातली. ज्याने मुंबईचा किंवा कोकणचा आषाढ काढला आहे त्याने अंदमानच्या पावसाला भिण्याचं कारण नाही. सर येते, झोडपते आणि पुष्कळदा तासाभरात ऊनही पडतं. तापमानाचं तर बोलायलाच नको. बाराही महिने २२ ते ३२ अंश. स्वेटर कधी लागत नाही आणि घामाची हमी वर्षभराची.

सहल मोडते ती वाऱ्याने. अंदमानची सहल म्हणजे निम्मा समुद्रप्रवास असतो, हे आपण घरी बसून बेत आखताना विसरतो. विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला. सरकारदरबारी २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं, तरी तिकिटं काढणारा आणि विकणारा दोघेही अजून जुनंच नाव घेतात. ज्यांच्या छायाचित्रांनी आपल्याला भुरळ घातलेली असते ती हॅवलॉक आणि नील ही बेटं (२०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) तिथून पुढे ईशान्येला आणि पूर्वेला आहेत. मधला समुद्र उघडा आहे. सरकारी बोटीला हॅवलॉक गाठायला अडीच तासांच्या आसपास लागतात, खासगी वेगवान बोटींना दीड-दोन. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा’ हे शब्द आले आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, की आभाळ निळंशार असलं तरी बोट हलत नाही. उलट, दिवसभर रिपरिप लागलेली असताना वारा पडलेला असेल तर बोटी घड्याळाच्या काट्यावर सुटतात. म्हणून अंदमानचा महिना निवडताना पाऊस किती याआधी वारा कुठून आणि किती, हे बघावं.

हा वारा वर्षभर कसा फिरतो ते एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

अंदमान-निकोबारची बेटं उत्तर-दक्षिण अशी लांबलचक पसरलेली आहेत, पावणेसात ते पावणेचौदा अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान. पोर्ट ब्लेअर अकरा-बारा अंशांवर, म्हणजे जवळपास बंगळुरूच्या खालच्या ओळीत. विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती ढगांचा आणि पावसाचा एक पट्टा असतो. तो सूर्याच्या मागोमाग उत्तरेला सरकतो, पुन्हा दक्षिणेला उतरतो. एप्रिल-मेमध्ये सूर्य उत्तरेकडे येतो, आशियाची जमीन तापते, हवेचा दाब घटतो आणि दक्षिण गोलार्धातून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतात. तेच आपले नैर्ऋत्य मोसमी वारे. त्यांची बंगालच्या उपसागरातली शाखा वाटेत पहिल्यांदा अंदमानला गाठते. तिथल्या आगमनाची सरासरी तारीख २२ मे मानली जाते. केरळची १ जून. पण हे अंतर दरवर्षी सारखं नसतं. २०२३ मध्ये मान्सून १९ मेला अंदमानच्या समुद्रात पोहोचला आणि केरळात मात्र ८ जूनला, म्हणजे चांगला वीस दिवस रेंगाळून. २०२५ मध्ये १३ मेलाच अंदमानात आला आणि २४ मेला केरळात. तेव्हा अंदमानची बातमी वाचून पेरणीची घाई करण्यात अर्थ नसतो. सहलीचं तिकीट काढणाऱ्याने मात्र ती तारीख दहा दिवस अलीकडे धरूनच चालावं.

मे ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येचा, जोरकस आणि सलग. बेटांचे पश्चिमेकडचे किनारे त्याच्या थेट तोंडाशी येतात. हॅवलॉकचा राधानगर किनारा, आशियातल्या सुंदर किनाऱ्यांच्या यादीत ज्याचं नाव सतत घेतात तो, पश्चिमेलाच आहे. फेब्रुवारीत तिथे पाणी इतकं निवांत असतं की पोहायला न येणारेही कमरेपर्यंत जाऊन तासभर उभे राहतात. जुलैत त्याच जागी लाट वाळूवर आपटते, पाणी गढूळ होऊन मातकट दिसतं आणि जीवरक्षकाची शिट्टी दर दोन मिनिटांनी वाजते. त्या दिवसांत हॅवलॉकच्या पूर्व अंगाला, विजयनगर किंवा काला पत्थरकडे गेलं तर मधल्या डोंगराच्या आणि झाडीच्या आडोशाला समुद्र बराच सौम्य सापडतो. डिसेंबर-जानेवारीत गणित उलटं. वारा ईशान्येचा, म्हणून पूर्व किनारा चुळबुळता आणि राधानगर शांत. एकाच बेटावर, दहा-बारा किलोमीटरच्या अंतरात, दोन वेगळे ऋतू चालू असतात. हॉटेल निवडताना ही एवढी गोष्ट बघितली तरी निम्मी निराशा टळते, पण हॉटेलवाला ती आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आपल्याकडे नारळी पौर्णिमा झाली की होड्या समुद्रात लोटतात. दर्या शांत होऊ लागला असं मानलं जातं आणि अरबी समुद्रापुरतं ते खरंही आहे. अंदमानला हा हिशेब लावून चालत नाही. श्रावणी पौर्णिमेला तिथे नैर्ऋत्य वारा अजून जोरात असतो, आणि तो ओसरला की दुसऱ्या वाऱ्याचा पाऊस रांगेत उभाच असतो. ढगांचा पट्टा दक्षिणेकडे परतताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा बेटांवरून जातो. पट्टा विषुववृत्ताच्या पार खाली उतरला की मग जानेवारीत बेटं कोरडी पडतात. तोवर ईशान्येचा वारा थेट आशियाच्या थंड, कोरड्या जमिनीवरून येऊ लागलेला असतो. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च हे तीन महिने सगळ्यात कमी पावसाचे आहेत ते यामुळे.

आता दिवाळीकडे वळतो, कारण मराठी कुटुंबांची सर्वांत मोठी गर्दी याच सुट्टीत असते आणि सर्वांत मोठी जोखीमही.

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात: एक मान्सूनच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, दुसरा नंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात ती सहसा होत नाहीत, कारण तेव्हा खालच्या थरातला वारा एका दिशेने आणि वरच्या थरातला उलट दिशेने जोरात वाहत असतो. फिरू पाहणाऱ्या ढगांचा मनोरा मध्येच मोडून पडतो. दोन मान्सूनच्या सांध्यावर हा अडथळा नाहीसा होतो, समुद्राचं पाणी तापलेलंच असतं, आणि वादळाला हवं ते सगळं मिळतं. यातली बरीच वादळं उपजतात अंदमानच्या समुद्रात किंवा त्याच्या आसपास आणि मग वायव्येकडे, आंध्र-ओडिशा-तमिळनाडूच्या दिशेने निघतात. म्हणून बेटांना ती बहुधा लहान असताना भेटतात. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ओडिशाच्या गोपाळपूरला धडकून हाहाकार उडवणारं ‘फायलिन’ अंदमान ओलांडत होतं तेव्हा त्याला चक्रीवादळाचा दर्जाही मिळालेला नव्हता. पण त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ‘लेहर’ मात्र चक्रीवादळ होऊनच पोर्ट ब्लेअरजवळून गेलं.

आणि वादळ लहान असलं तरी बोट बंद व्हायला तेवढं पुरतं. डिसेंबर २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात असाच एक कमी दाबाचा पट्टा बेटांजवळ मुक्काम ठोकून बसला. बोटी थांबल्या आणि हॅवलॉक-नीलवर सुमारे चौदाशे पर्यटक अडकून पडले. त्यांना बाहेर काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तीच प्रणाली पुढे ‘वरदा’ नावाचं चक्रीवादळ झाली आणि १२ डिसेंबरला चेन्नईवर आदळली. अडकलेल्यांपैकी बहुतेकांच्या सहलीच्या कागदावर ‘उत्तम हंगाम’ असंच लिहिलेलं असणार.

याचा अर्थ दिवाळीत जाऊच नये असा नाही. दहा दिवाळ्यांतल्या बहुतेक सरींवर निभावतात. पण दिवाळीच्या सहलीत दिवस एकमेकांना चिकटवून बेत आखू नये. पाच रात्रींच्या सहलीत दोन बेटं, बाराटांगच्या गुहा आणि जॉली बॉय बेट असं सगळं कोंबलं की एक बोट रद्द होताच पुढची सगळी साखळी तुटते. लवकर येणारी, ऑक्टोबरच्या मध्यावरची दिवाळी असेल तर सरींचं प्रमाण जास्त; उशिराची, नोव्हेंबरातली असेल तर पाऊस कमी पण वादळाची शक्यता जास्त. माझं मत विचाराल तर ज्यांना समुद्राखाली उतरण्यात विशेष रस नाही, सेल्युलर जेल, पोर्ट ब्लेअरजवळचं रॉस बेट आणि एखादा किनारा एवढंच बघायचं आहे, त्यांनी दिवाळीत खुशाल जावं. स्कूबासाठी पैसे साठवलेल्यांनी जाऊ नये.

नाताळचा आठवडा हवामानाने बरा आणि बाकी सर्व बाबतींत वाईट. भाडी चढलेली, बोटींची तिकिटं आठवडे आधी संपलेली, राधानगरला जत्रा. त्यात ईशान्येचा वारा भरात असतो, त्यामुळे हॅवलॉकच्या वाटेवर बोट चांगली हलते. वेगवान बोटी पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित असतात. उघड्या डेकवर जाऊन वारा खायची सोय बहुतेकींवर नसते. सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटांत कर्मचारी काहीही न बोलता कागदी पिशव्या घेऊन रांगांतून फिरू लागतो आणि अनुभवी प्रवासी त्याच्या हातात किती पिशव्या आहेत त्यावरून समुद्राचा अंदाज बांधतात. अवोमिनची गोळी घ्यायची तर निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी. डचमळू लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगी पडत नाही. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, मध्याकडून मागची घ्यावी. पुढच्या काचेजवळच्या जागा महाग असतात आणि सर्वांत जास्त उसळतात त्याही त्याच.

साधारण दहा जानेवारीनंतर खरा अंदमान सुरू होतो. गर्दी ओसरते, आकाश धुऊन काढल्यासारखं होतं. फेब्रुवारी लागता लागता ईशान्येचा वाराही मऊ पडतो आणि मार्चमध्ये दोन्ही वाऱ्यांच्या मधली विश्रांती येते. समुद्र सपाट होतो. लाट नाही म्हणजे तळची वाळू ढवळली जात नाही, पाऊस नाही म्हणजे ओढ्यांचा गाळ येत नाही. त्यामुळे पाण्यात खोलवर नजर पोहोचते. हॅवलॉकच्या पाणबुड्यांना विचारलं तर जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचे दिवस ते राखून ठेवायला सांगतात. जॉनीज गॉर्जसारख्या किनाऱ्यापासून दूरच्या जागांवर छोट्या बोटी निर्धास्त जातात त्या याच दिवसांत. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी असलेलं बॅरन बेट पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटरवर आहे; ते समुद्रातूनच बघायचं असतं आणि तेही समुद्र असा निजलेला असतानाच.

उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ कालीपूरचा किनारा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री तिथे समुद्री कासवं अंडी घालायला वर येतात, ऑलिव्ह रिडले तर येतातच, पण प्रचंड आकाराची लेदरबॅकही. अंड्यांतून पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास गेलात तर अंडी घालणारी मादी आणि समुद्राकडे धावणारी पिल्लं यांपैकी काहीतरी दिसण्याची आशा बाळगता येते. पोर्ट ब्लेअरहून दिगलीपूर दूर आहे, रस्ता दिवसभराचा. पाच दिवसांच्या सहलीत ते बसत नाही. पण ज्याच्या हाताशी आठवडाभराहून जास्त वेळ आहे त्याने हॅवलॉकचा एक दिवस कमी करून तिकडे वळावं असं मी म्हणेन.

मराठी माणसाला अंदमानला ओढून नेणारं आणखी एक कारण आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहण्यासाठी म्हणून जाणारे गट आजही महाराष्ट्रातून निघतात, आणि ते बहुधा दोन तारखा धरून जातात: २६ फेब्रुवारी, आत्मार्पण दिन, आणि २८ मे, जयंती. ऋतूच्या दृष्टीने या दोन तारखांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिली ऐन उत्तम हवेत येते, दुसरी मान्सूनच्या आगमनानंतर आठवडाभरात. जयंतीला जाणाऱ्यांनी जेल बघून घ्यावा आणि बेटांवर जायला मिळालं तर तो बोनस समजावा. सावरकर स्वतः ‘महाराजा’ जहाजाने तिथे पोहोचले ते ४ जुलै १९११ ला, भर पावसाळ्यात. कैद्यांच्या जहाजाला ऋतू विचारून चालत नसे. जेलमधला संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर असतो, एवढंच मे-अखेरीच्या प्रवाशाने ध्यानात ठेवावं आणि छत्री जवळ बाळगावी.

पुन्हा ऋतूंकडे. मार्च सुरक्षित आहे म्हणजे अगदी निर्धोक आहे असं नाही. मार्च २०२२ मध्ये अवेळी तयार झालेला एक तीव्र कमी दाबाचा पट्टा बेटांना घासून म्यानमारकडे गेला आणि त्या दोन-तीन दिवसांत बोटी बंद होत्या. असं क्वचित होतं, म्हणून तर ते लक्षात राहतं.

एप्रिल आणि मेचा पहिला आठवडा यांविषयी मतभेद आहेत. समुद्र शांत, पाणी नितळ, गर्दी बेताची. पण दमट उष्मा असा की दुपारी बारा ते तीन बाहेर पडवत नाही. पोरं पाण्यातून निघायला तयार नसतात, मोठी माणसं खोलीतून. या दिवसांत समुद्राचं पाणीही वर्षातलं सर्वांत गरम असतं. ते फार तापलं की प्रवाळांच्या अंगात राहणारं आणि त्यांना अन्न व रंग पुरवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरेफटक पडतात. १९९८ आणि २०१० मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. तशा वर्षी मे महिन्यात काचेच्या तळाच्या बोटीतून रंगीबेरंगी बाग दिसण्याऐवजी पांढरा सांगाडा दिसतो.

राज्य मंडळाच्या शाळेतली मुलं असलेल्या घरांसाठी मात्र हीच खिडकी उरते, आणि ती वाईट नाही. परीक्षा एप्रिलअखेर संपली की लगेच निघावं. मेचे पहिले आठ-दहा दिवस धरावेत, शेवटचे नकोत. मधल्या पंधरा दिवसांत अंदमानचा समुद्र पूर्ण बदललेला असतो. केंद्रीय मंडळाच्या बऱ्याच शाळांत परीक्षा संपणं आणि नवं वर्ष सुरू होणं यांच्यामध्ये मार्चअखेरीस काही दिवस मिळतात. त्या पालकांनी तर दुसरा विचारच करू नये.

पावसाळ्यात कुणी जावं? ज्याला काहीच बघायचं नाही त्याने. हे मी थट्टेने म्हणत नाही. जून-जुलैत तिथलं जंगल हिरव्याच्या पलीकडचं काहीतरी होतं, हॉटेलं अर्धी रिकामी असतात, भाव करता येतो. व्हरांड्यात बसून पुस्तक वाचणाऱ्याला आणि बोट गेली तर गेली म्हणणाऱ्याला त्याहून स्वस्त अंदमान मिळायचा नाही. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानाची व्यवस्था या ऋतुचक्राला धरूनच बेतलेली आहे. साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत पर्यटकांना जॉली बॉय बेटावर नेतात, उरलेले महिने रेड स्किनवर. प्रत्येक बेटाच्या प्रवाळांना वर्षातून काही महिने माणसांपासून सुटका मिळावी हा त्यामागचा हेतू. ‘जॉली बॉयच हवा’ असा हट्ट असेल तर महिना आधी तपासा, आणि प्लास्टिकची बाटली बरोबर नेऊ नका. पिशव्या उघडून बघतात.

महिना ठरला की कॅलेंडर उलटून तिथी बघावी. पर्यटक हे जवळजवळ कधीच करत नाहीत. शाळेच्या भूगोलात उधाणाची आणि भांगाची भरती आपण पाठ केलेली असते. अंदमानात ती कामाला येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटीही सर्वांत खोल. नील बेटावरची नैसर्गिक कमान, जिला तिथे वसलेल्या बंगाली लोकांनी ‘हावडा ब्रिज’ करून टाकलं आहे, ती ओहोटीलाच नीट बघता येते; खडकांतल्या डबक्यांत तेव्हा समुद्रकाकडी, खेकडे, चिमुकले मासे अडकलेले असतात आणि वाटाडे ते एकेक करून दाखवतात. दिगलीपूरच्या रॉस आणि स्मिथ बेटांना जोडणारी वाळूची पट्टीही ओहोटीतच उघडी पडते. भरतीला पोहोचलात तर दोन सुटी बेटं आणि मधे पाणी. तिथीवरून भरतीची वेळ काढायचं कोकणातलं पाऊणपटीचं गणित मात्र तिथे जसंच्या तसं चालत नाही, प्रत्येक बंदराची वेळ निराळी. पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर सहज मिळतो, तो बघावा. पाण्याखाली उतरायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे, कारण भांगाला प्रवाह कमी ओढतो. आणि रात्रीच्या अंधारात वल्हं मारताच निळसर चमकणारं पाणी बघायचं असेल तर अमावास्या गाठावी. चांदण्यात ती चमक फिकी पडते आणि मग नावाडी सांगतो त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

दिवसाचं घड्याळही आपल्यापेक्षा निराळं चालतं. वेळ तीच भारतीय प्रमाणवेळ, पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की सूर्य मुंबईच्या सुमारे एक तास वीस मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्यास्त. दुपारचं जेवण, मग डुलकी, मग चहा आणि पाच वाजता राधानगरचा सूर्यास्त बघायला निघू, असा पुणेरी बेत केला तर किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत काळोख झालेला असतो. चारला तिथे असायला हवं. मेमध्ये पहाटे पाचच्या आधीच उजाडतं. लवकर उठणाऱ्यांना सकाळच्या शांत समुद्राचे दोन तास जास्त मिळतात, आणि वारा बहुधा दिवस चढेल तसा वाढत असल्याने ते तास बोटीसाठीही चांगले.

मेचा दुसरा पंधरवडाच फक्त हाती असेल आणि समुद्रकिनाराच हवा असेल, तर अंदमान सोडून द्यावं हे बरं. लक्षद्वीपचीही तीच गत; मेच्या मध्यापासून तिकडच्या जहाजफेऱ्या कमी होतात. विषुववृत्ताच्या खाली मात्र वर्ष उलटं चालतं. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो, आणि मॉरिशसची चक्रीवादळं एप्रिलपर्यंत आटोपून मेपासून हवा सुखद होते. खर्च अर्थातच वेगळा.

ज्यांच्या घरी परीक्षा नाही, अशा निवृत्तांनी आणि नवविवाहितांनी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य सोडू नये. शाळकरी मुलं असलेल्यांनी मेचा पहिला आठवडा धरावा, दिवाळीत गेलात तर एक दिवस मोकळा ठेवावा. आणि महिना कुठलाही असो, बेटं आधी उरकून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच करावा. हॅवलॉकहून सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठायचा बेत कुणी आखून दिला, तर तो तिथल्या तिथे बदलून घ्या.